प्रलंबित साखर

वसमतच्या राधाकृष्ण दत्तोपंत हट्टेकर यांना मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दोनशे अडुसष्ट, सात वाजून तेरा मिनिटांनी दोनशे चौदा आणि सात वाजून सोळा मिनिटांनी एकशे एकाहत्तर इतकी साखर असल्याचे निदर्शनास आले. माणूस एकच होता. बोटही एकच होते, डाव्या हाताची अनामिका. सुई एकदाच टोचलेली होती, कारण रक्ताच्या बाबतीतही राधाकृष्णराव उधळपट्टी करत नसत. एकाच छिद्रातून पिळून काढलेले तीन थेंब त्यांनी तीन मशीनना दिले आणि तिघींनी तीन जबान्या दिल्या.

राधाकृष्णराव तालुक्याच्या एका कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत न जुळणारे दोन आकडे त्यांच्या टेबलावरून कधी पुढे गेले नाहीत. आकडे जुळेपर्यंत फाईल हलत नसे, आणि फाईल हलत नाही म्हटल्यावर आकडे आपसूक जुळत. त्यांच्या काळात तालुक्यातल्या झाडांची संख्या लावलेल्या रोपांशी तंतोतंत जुळलेली होती. झाडे दिसत नसत ही वेगळी बाब. दिसणे दुसऱ्या विभागाच्या कक्षेत येत होते.

इन्सुलिन सुरू होऊन चौदा महिने झाले होते. बसस्थानकाजवळच्या डॉ. भीमराज खिल्लारे यांनी एक तक्ता लिहून दिला होता आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. दोनशेपर्यंत आठ युनिट, अडीचशेपर्यंत बारा, त्याच्यावर सोळा. मेडिकलवाल्याकडून घेतलेली एकच मशीन घरात होती, ती सांगेल तो आकडा, तक्ता सांगेल तो डोस, असा सुखाचा संसार चालला होता. त्यात पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने, अनिरुद्धने, वाढदिवसाला नवी मशीन पाठवली, जिचे आकडे परस्पर त्याच्या मोबाईलवर जात. त्याच आठवड्यात मोफत आरोग्य शिबिरात तिसरी मिळाली. मोफत मिळालेली वस्तू न वापरणे राधाकृष्णरावांच्या स्वभावात नव्हते. रक्ताचा थेंब टिपायच्या तिच्या पट्ट्यांची डबी त्यांनी खिडकीत, हाताशी राहील अशी, उन्हाच्या तिरिपेत ठेवली. मंगळवारी आंघोळ झाली, पूजा झाली, देवाला साखरेचा नैवेद्य झाला आणि ते तशाच ओल्या पंच्याने तपासणीला बसले. पुण्याची मशीन भारी म्हणून मानाचा पहिला थेंब तिला, मग घरची, मग फुकटची.

तीन मशीन, तीन आकडे, तीन डोस. पत्नी गंगूताईंनी पोळ्या लाटता लाटता सुचवले, की मधला आकडा घ्या आणि मोकळे व्हा. मधला आकडा कोणत्या नियमान्वये घ्यायचा, असे राधाकृष्णरावांनी विचारले तेव्हा गंगूताई पुन्हा पोळ्यांकडे वळल्या. बेचाळीस वर्षांत त्यांना एवढे कळले होते.

डॉ. खिल्लारे मधुमेहावरच्या एका परिषदेसाठी आठ दिवस परदेशी गेले होते. फोन कंपाउंडर ग्यानबाने घेतला. डॉक्टरसाहेबांनी आजवर जुन्या मशीनचे आकडे पाहून तक्ता दिला आहे, तेव्हा तिच्यावरच चाला, सुई बंद करू नका, आणि शंका असेल तर दवाखान्यात या, साहेबांच्या जागी दुसरे डॉक्टर बसून राहिले, असे ग्यानबाने सांगितले. सल्ला बरोबर होता. पण तो तोंडी होता. तोंडी आदेशावर राधाकृष्णरावांनी आयुष्यात कधी कार्यवाही केलेली नव्हती. हेच लेखी द्या, असे ते म्हणाले. ग्यानबा म्हणाला, मी कंपाउंडर माणूस, मी कशाला लिहून देऊ. प्रकरण तिथेच थांबले.

मग त्यांनी नवी फाईल उघडली. पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहिले, 'विषय : रक्तशर्करेच्या नोंदींतील तफावतीबाबत.' आत पहिल्या पानावर टिपणी लिहिली. चुकीचा डोस घेणे ही अनियमितता ठरते. डोस न घेणे हा केवळ विलंब ठरतो. छत्तीस वर्षांत अनियमिततेपायी निलंबित झालेले पाच जण त्यांनी स्वतः पाहिले होते. विलंबापायी निलंबित झालेला एकही पाहिला नव्हता. सबब, तफावतीचा निर्णय होईपर्यंत इन्सुलिन स्थगित ठेवण्यात येत आहे. खाली सही केली, तारीख टाकली. इन्सुलिनची शिशी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी पुढील आदेशापर्यंत पडून राहिली.

बुधवारी त्यांनी कंपन्यांना फोन लावले. पुण्याच्या मशीनवाल्या कंपनीतली बाई गोड हिंदीत म्हणाली, की मशीन खऱ्या साखरेपेक्षा शेकडा पंधरा वर किंवा पंधरा खाली दाखवू शकते, तेवढे चालते. मेडिकलच्या मशीनवालीनेही तेच सांगितले, जवळजवळ त्याच आवाजात. शिबिराच्या मशीनवर जो नंबर छापला होता तो शिबिर भरवणाऱ्या पुढाऱ्यांच्या संपर्क कार्यालयाचा निघाला. भाऊ लग्नाला गेले आहेत, काम काय ते सांगून ठेवा, भाऊ नक्की करतील, असे उत्तर मिळाले. राधाकृष्णरावांनी आपली साखर सांगून ठेवली.

दुपारभर त्यांनी आकडेमोड केली. दोनशे अडुसष्टवालीला सूट दिली तर खरी साखर दोनशे तेहतीसच्या खाली येत नव्हती. एकशे एकाहत्तरवालीला तीच सूट दिली तर ती दोनशे एकच्या वर जात नव्हती. दोन्ही मशीन नियमात असल्याचे त्यांच्या खोक्यांवर छापलेले होते, आणि नियमात राहून त्यांची कुठेच गाठ पडत नव्हती. ही परिस्थिती त्यांना नोकरीपासून ओळखीची होती, त्यामुळे त्यांना काळजीऐवजी थोडे घरच्यासारखे वाटले.

गुरुवारी देविदास राठोड आला. तो त्यांच्या हाताखाली कनिष्ठ लिपिक होता आणि आता त्यांच्याच खुर्चीवर बसत होता. हट्ट्याजवळच्या तांड्यावरून त्याची आई पारुबाई डोळे दाखवायला वसमतला आली होती, तिलाही तो बरोबर घेऊन आला होता. देविदासने फाईल आदराने मांडीवर घेतली, टिपणी वाचली आणि म्हणाला, साहेब, यात अवघड ते काय आहे, तीन दरपत्रके आली की सर्वांत कमी ते मंजूर, तुम्हीच मला शिकवलेले. राधाकृष्णरावांचे डोळे भरून आले. शिष्य तयार झाला होता. पण मंजुरीला समिती लागते, आणि समिती नसताना सर्वांत कमी घेतले तर पुढे आक्षेप निघतो, हेही त्याला त्यांनी समजावून सांगितले. तोवर पाण्याचे चार तांबे झाले होते.

पारुबाई भिंतीला टेकून बसली होती. ती तांब्यांकडे पाहत होती.

"साहेब, किती पानी पिऊन राहिले तुमी?"

उकाडा आहे, असे राधाकृष्णराव म्हणाले.

"उकाडा मला बी हाय. मला बी सुई हाय, तीन वर्स झाली. शिस्टर सांगती तेवढी घेती. तुमी तीन डब्यांचं ऐकून राहिले, आन् आंग सांगून राहिलं त्याचं काहून ऐकना?"

राधाकृष्णरावांनी तिचे बोलणे शांतपणे ऐकले आणि फाईलमध्ये नोंद घेतली, 'त्रयस्थ व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेण्यात आले.' गंगूताईंनी मात्र पारुबाईला आत बोलावून चहा दिला आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसल्या.

शुक्रवारी राधाकृष्णरावांच्या घराच्या ओट्यावर समिती भरली. गल्लीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे आठ सभासद आले, सगळे मधुमेही, प्रत्येकाच्या हातात आपापली मशीन. चहा बिनसाखरेचा येणार असे कळल्यावर निवृत्त तलाठ्यांनी हरकत घेतली, की बैठक साखरेविषयी असताना चहा बिनसाखरेचा देणे विषयाला धरून होणार नाही. हरकत एकमताने मान्य झाली. घरची एक मशीन धरून नऊ मशीन झाल्या. एका बोटातून नऊ थेंब निघेनात, म्हणून नऊ बोटे टोचली. दहावे बोट सहीसाठी राखून ठेवले.

आकडे एकशे नव्वदपासून तीनशे नव्वदपर्यंत आले. ज्याची मशीन त्याला खरी. शेवटी निवृत्त मुख्याध्यापकांनी सरासरी काढावी असे सुचवले. त्यावर तलाठी उठून उभे राहिले. त्यांनी विचारले, की सरासरीचा आकडा या नऊपैकी कोणत्या मशीनने दाखवला आहे? एकीनेही नाही. मग उद्या काही कमीजास्त झाले तर जबाबदार कोण? एवढा मूलभूत प्रश्न संघापुढे यापूर्वी आलेला नव्हता. सर्वांनुमते तिघांची उपसमिती नेमली गेली आणि तिने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा असे ठरले. जाताना प्रत्येकाने राधाकृष्णरावांच्या उतरलेल्या पोटाचे कौतुक केले. एकाने तर विचारले, सकाळचे चालणे वाढवले का? पायजम्याची नाडी चार बोटे आत गेली होती. ते उभे राहिले तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर त्यांना धुरकट दिसले. डोळ्यांचा नंबर वाढला असावा, असे त्यांनी ठरवले.

गंगूताईंना मात्र आता धीर निघेना. त्यांनी अनिरुद्धला फोन लावला. तो म्हणाला, आई, बाबांचे सगळे आकडे मला इथे दिसतात, मी रोज बघतो, आलेख मस्त वर चाललाय, मी रोज अंगठाही पाठवतो. अनिरुद्धच्या नोकरीत वर जाणारा आलेख चांगला समजत. हा आलेख कशाचा आहे ते गंगूताईंनी सांगितल्यावर तो म्हणाला, मी निघतो. पुण्याहून वसमतला पोचायला त्याला दुसरा दिवस उजाडणार होता. तोवर बाबांना मशीन नीट चार्ज करून ठेवायला सांग, असे त्याच्या तोंडून सवयीने निघून गेले.

शनिवार-रविवार तो वाटेतल्या एका हॉटेलात मोबाईलवरच्या बैठकीत अडकला. सोमवारी सकाळी, सातव्या दिवशी, राधाकृष्णराव तपासणीला बसले तेव्हा त्यांचे तोंड कोरडे ठणठणीत पडले होते. आज देविदास आणि पारुबाई तिचा नवा चष्मा न्यायला निघाले होते, ते वाटेत डोकावले आणि समोरच बसले. पहिली मशीन लागली. तिने आकडा दाखवलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरे दाखवली, एच आणि आय. दुसरीनेही तेच. तिसरी, फुकटची, क्षणभर विचारात पडली आणि तिनेही तेच दाखवले.

राधाकृष्णरावांचा चेहरा उजळला. सात दिवसांत पहिल्यांदा तिन्ही मशीनचे एकमत झाले होते. तफावत मिटली होती. त्यांनी जड जिभेने देविदासला फाईल बंद करायला सांगितली.

देविदास अक्षरे जोडून वाचत होता. "साहेब, हाय म्हणून राहिली. तिन्ही बी."

पारुबाई ताडकन उठली. "हाय म्हनती म्हंजे हायच. किती हाय ते सांगायची बी तिची हिंमत न्हाई राहिली. देवा, जीप आन."

देविदासने जीप आणली. राधाकृष्णरावांना दोघांनी उचलून आत ठेवले. त्यांनी फाईल छातीशी धरली होती. ती सोडवून घेताना गंगूताईंच्या लक्षात आले, की त्यांची बोटे गार आहेत आणि त्यांना आपण कुठे चाललोय हे नीट कळत नाही. सबंध वाटेत त्या त्यांचा तळवा चोळत राहिल्या. फाईल देविदासकडे होती.

नांदेड रस्त्यावरच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात त्यांना नेले. खिडकीत बसलेल्या नोंदणी लिपिकाने नाव, गाव, वय टाकले आणि साखर विचारली. देविदासने 'हाय' असे सांगितले. लिपिक म्हणाला, किती हाय? देविदासने मशीन दाखवली. लिपिकाने अक्षरे टाकून पाहिली. संगणकाने ती नाकारली. त्या रकान्यात फक्त अंक बसत होते, आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते, पुढचे पान उघडल्याशिवाय खाट मिळत नव्हती. साखर मोजायची मशीन आत वॉर्डात होती. वॉर्डात जायला खाट लागत होती.

चाकाच्या खुर्चीवर मान टाकून बसलेल्या राधाकृष्णरावांच्या कानावर हे पडले. लिपिकाचे बरोबर आहे, असे ते पुटपुटले. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केले असते.

गंगूताई बेचाळीस वर्षे त्यांच्यामागे उभ्या राहत आल्या होत्या. त्या खुर्चीला वळसा घालून पुढे आल्या आणि त्यांनी खिडकीच्या गजांना धरले.

"दादा, त्यात काय वाटेल ते लिहा. तीनशे लिहा, चारशे लिहा, माझं वय लिहा सासष्ट. पण यांना आधी आत घ्या."

लिपिक चांगला माणूस होता. त्याला बाईंची दया आली. तीनशे आणि चारशे यांत तफावत होती, म्हणून त्याने निश्चित असलेला आकडा टाकला. साखर, सासष्ट. पान उघडले. खाट मिळाली. आणि संगणकाने निळ्या अक्षरांत आपणहून आदेश काढला, की रुग्णाची साखर घातक कमी असून त्वरित ग्लुकोजची बाटली लावावी.

वॉर्डात ज्योती नावाची परिचारिका होती. आदेशाप्रमाणे बाटली अडकवून ती राधाकृष्णरावांजवळ आली, त्यांची कोरडी जीभ पाहिली, आणि नळी हातातच धरून थांबली. तिने गंगूताईंना विचारले, हे किती पाणी पितात? गंगूताईंनी सांगितले, गेल्या सात दिवसांपासून सुई बंद आहे. ज्योतीने नळी खाली ठेवली. राधाकृष्णरावांचे बोट साबणाने धुतले, पुसले, वॉर्डातली मशीन लावली. हाय. तिने हाताच्या शिरेतून रक्त काढून लॅबला धाडले, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना स्वतः जाऊन बोलावले, आणि दहा मिनिटांत साधे सलाईन आणि इन्सुलिन दोन्ही सुरू झाले. लॅबने सांगितले, पाचशे ब्याऐंशी.

संगणक मात्र सासष्टवर ठाम होता. एकदा नोंद झालेला आकडा बदलण्यासाठी रुग्णाने स्वतः अर्ज करायचा होता, आणि रुग्ण पहिले दोन दिवस शुद्धीवर नव्हता, नंतर त्याला हे कुणी सांगितले नाही. दर सहा तासांनी संगणक विचारी, ग्लुकोजची बाटली संपली का? नाही म्हटले तर लाल दिवा लागे आणि पुढचे औषध मिळत नसे. म्हणून ज्योती हो म्हणे, आणि हिशेबाला रिकामी बाटली लागत असल्यामुळे आतले पाणी मोरीत ओतून देई. अशा रीतीने चार दिवसांत ग्लुकोजच्या पंधरा बाटल्या कागदोपत्री राधाकृष्णरावांना आणि प्रत्यक्षात मोरीला देण्यात आल्या. मोरीत मुंग्या झाल्या. मुंग्यांचे औषध मागवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध आला आणि खाटेशी बसून राहिला. त्याने मोबाईल गंगूताईंच्या पिशवीत टाकून दिला होता. तिसऱ्या दिवशी परिषद आटोपून डॉ. खिल्लारे थेट भेटायला आले. त्यांनी रागावण्याचे काम पुढे ढकलले आणि आधी विचारले, त्या सकाळी तपासण्यापूर्वी काय काय केले? आंघोळ, पूजा, साखरेचा नैवेद्य, असे राधाकृष्णरावांनी सांगितले.

"मग पहिल्या थेंबात तुमच्यापेक्षा देवाची साखर जास्त होती," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या थेंबांबरोबर ती पुसत गेली, त्यात पिळून काढलेले रक्त पातळ होते, आणि खिडकीतल्या पट्ट्या उन्हाने बिघडलेल्या. हात धुऊन कोरडे करा, एकच मशीन ठेवा, तिचा आकडा अधूनमधून लॅबशी ताडून बघा, अंग काही वेगळे सांगत असेल तर थेट या, आणि काही झाले तरी स्वतःच्या मनाने सुई थांबवू नका. एवढे सांगायला डॉक्टरांना दीड मिनिट लागले. राधाकृष्णरावांनी ते लेखी मागितले. डॉक्टरांनी लिहून दिले. राधाकृष्णरावांनी कागद उलटसुलट पाहिला आणि जावक क्रमांक नाही हे कुणाला न सांगता उशीखाली ठेवला.

पाचव्या दिवशी घरी जायची परवानगी मिळाली. लिपिकाने छापील कार्ड पुढे केले. राधाकृष्णरावांनी सवयीने ते वरपासून खालपर्यंत वाचले. दाखल होताना साखर सासष्ट. निदान, साखर घातक कमी होणे. उपचार, ग्लुकोज, बाटल्या पंधरा. घरी जाताना साखर एकशे बेचाळीस. प्रकृतीत सुधारणा. एकाही ठिकाणी खाडाखोड नव्हती. निदान उपचाराशी जुळत होते, उपचार बाटल्यांशी जुळत होता, बाटल्या निकालाशी जुळत होत्या. इतका चोख कागद त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि त्यात खरे एवढेच होते, की ते जिवंत घरी चालले होते. खाली छापलेले होते, 'वरील मजकूर वाचला, तो बरोबर आहे.' त्यापुढे सहीची जागा.

त्यांच्या टेबलासमोर उभे राहून किती जणांनी अशाच ओळीखाली सही केली असेल, अंगठा उठवला असेल. त्यांनी एखादा तरी चेहरा आठवून पाहिला. आठवेना. त्या माणसांच्या हाताचे अंगठे तेवढे आठवत होते, शाईचे. त्यांनी पेन खाली ठेवले आणि लिपिकाला म्हणाले, की हा मजकूर खोटा आहे, मला तो दुरुस्त करून हवा आहे.

लिपिकाने अदबीने सांगितले, की दुरुस्तीसाठी अर्ज करता येईल. अर्ज वर जाईल. तोपर्यंत आपली सुट्टी प्रलंबित राहील.

राधाकृष्णरावांनी सही केली.

घरी आल्यावर मात्र ते बदलले. दोन मशीन त्यांनी गुंडाळून कपाटावर टाकल्या. रोज सकाळी पूजेआधी साबणाने हात धुऊन एकदाच तपासायचे, आकडा आवडो न आवडो, तेवढी सुई घ्यायची. पारुबाईला त्यांनी देविदासकडून निरोप धाडला, की तुमचे म्हणणे बरोबर होते. आणि गंगूताईंच्या आग्रहावरून तो लेखी धाडला. गंगूताई आता फ्रिजपाशी उभ्या राहून युनिट मोजून बघत आणि मगच चहा ठेवत.

महिन्याभराने ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांचे अनुभवकथन ठेवले. ओटा भरून गेला होता. राधाकृष्णराव पाऊण तास बोलले. आपली चूक त्यांनी लपवली नाही. विलंब हासुद्धा एक निर्णयच असतो आणि तो माणसाला मारू शकतो, हे त्यांनी मान्य केले. हात धुवा, एक मशीन ठेवा, सुई थांबवू नका, अंगाचे ऐका. त्यांनी तीनतीनदा सांगितले. मुख्याध्यापकांनी डोळे टिपले. टाळ्या झाल्या.

प्रश्न विचारायला तलाठी उठले. ते म्हणाले, आपण सांगितलेले सगळे पटले, आमच्या हृदयात कोरले गेले. फक्त एक माहिती हवी होती. त्या शुक्रवारी इथे ज्या नऊ मशीन लावल्या, त्यांत सर्वांत कमी साखर कोणत्या मशीनने दाखवली होती?

राधाकृष्णराव प्रामाणिक माणूस होते, आणि नोंद फाईलमध्ये होती. त्या मशीनच्या पट्ट्यांची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. पण ते कुणी ऐकले नाही, कारण तोवर सगळे खिशातून पेन काढून नाव लिहून घेत होते. ओट्यावरची सभा त्यानंतर आभार न मानताच पांगली. संध्याकाळच्या आत वसमतच्या सगळ्या मेडिकलमधून ती मशीन संपली. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी हिंगोलीहून, नांदेडहून विचारणा होऊ लागली, आणि आठवडाभरात तालुक्यातल्या बहुतेकांची साखर आटोक्यात आली.

त्या मशीनचे नाव या कथेत मुद्दामच दिलेले नाही. ते वर कुठे येऊन गेले आणि आपल्या नजरेतून सुटले की काय, अशा शंकेने ज्यांचा हात मागचे पान उलटायला गेला असेल, त्यांची साखर किती आहे हे सांगायला कुठल्याच मशीनची गरज नाही.